मांडूळ काढलं, चेंजओव्हर बसवला : राजेंद्र नगर, इंदूर (एप्रिल ते जून २०२४)

२८ एप्रिल, रविवार

आमच्या घरात एक वायर होती, दोन्ही टोकांना तीन पिनांचा प्लग असलेली. एक तोंड जनरेटरमध्ये, दुसरं पोर्चमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, की घर उजळलं. आई तिला मांडूळ म्हणते. तीन उन्हाळे आम्ही हे मांडूळ वापरलं. नियम एकच होता : आधी मेन पाडायचा, मग मांडूळ लावायचं.

आज सकाळी अकराला लाइट गेली. हौदात नर्मदेचं पाणी येऊन पडलेलं, वरची टाकी रिकामी, पाणी एक दिवसाआड. मी जनरेटरची दोरी ओढली. वरून भाऊ ओरडला, "पाडलं!" त्याने पाडला होता वरच्या मजल्याचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच). मला वाटलं मेन. लावलं मांडूळ.

तेवढ्यात खांबावर चढलेल्या लाइनमनने हाक मारली. "अरे जनरेटर बंद करो! लाइन में करंट आ रिया है!" त्याने आमच्या फेजचा जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सोडला होता आणि तारेला हात लावण्याआधी सवयीने टेस्ट लॅम्प लावला, तर तो पेटला. आमच्या पोर्चमधल्या विजेवर.

तो खाली उतरला, पाणी प्यायला आणि एवढंच म्हणाला, "मैं तो लैम्प लगा लेता हूँ बाबूजी, सब नहीं लगाते." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ज्यांच्याकडे असं मांडूळ आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. आपला छोटा जनरेटर अख्ख्या कॉलनीचा लोड घेऊ शकत नाही, लगेच घुसमटून बंद पडेल, असं आम्ही समजत होतो. पुढे तार जोडलेली असेल तर तसं होतंही. पण लाइनमनने पुढची तार सोडली की लोडच उरत नाही. मशीन मजेत चालत राहतं आणि तारेत २३० व्होल्ट असतात. आणि ट्रान्सफॉर्मर जोडलेलाच राहिला तर तो उलटाही चालतो : येताना ११,००० व्होल्टचे ४३३ करतो, आपण मागून वीज दिली की खालच्याचे वर चढवतो.

मांडूळाचे दोन्ही प्लग दुपारी पक्कडने तोडले.

१ मे, बुधवार

काय बसवायचं ते ठरवलं. जनरेटर पेट्रोलचा, ३ केव्हीए, दोरीने सुरू होणारा. म्हणजे फार तर १३ अँपिअर. आपोआप बदलणारं पॅनेल दोरीच्या मशीनला निरुपयोगी, म्हणून हाताने फिरवायचा चेंजओव्हर, म्हणजे घर एकतर मेनवर नाहीतर जनरेटरवर टाकणारा स्विच.

घराला वीज थ्री फेज, जनरेटर सिंगल फेज. मिस्त्री (लायसन्सवाले, तीच अट होती) म्हणाले, चार पोलचा चेंजओव्हर लावू, जनरेटरकडच्या तिन्ही फेजच्या टर्मिनलना लूप मारू, म्हणजे ती एकमेकांना जोडू, अख्खं घर चालेल. इंदुरात बऱ्याच घरी असंच आहे. मी नको म्हटलं. अख्खं घर जोडलं की कोणीतरी गीझर लावणारच, आणि तो कोणीतरी मीच असेन. शिवाय तीन फेजवर न्यूट्रलमध्ये फक्त फरकाचा करंट जातो, लूप मारला की तिन्हींची बेरीज जाते. १३ अँपिअरच्या मशीनवर त्याने वायर जळणार नाही हे खरं. पण उद्या मोठं मशीन आणलं तर लूप तोच राहील आणि हे कोणाला आठवणार नाही.

म्हणून वेगळी डीबी (एमसीबींची पेटी) : दोन्ही मजल्यांचे दिवे-पंखे, फ्रिज, मोटर, राउटर, इन्व्हर्टर. हे सगळं एका फेजवर, दोन पोलच्या (फेज आणि न्यूट्रल दोन्ही बदलणाऱ्या) चेंजओव्हरमधून. एसी, गीझर, वॉशिंग मशीन जुन्या डीबीवरच, जनरेटरशी संबंध नाही.

क्लॅम्प मीटरने मोटर मोजली. १ एचपी, चालताना ५.८ अँपिअर, सुरू होताना आकडा २८ ला शिवून आला. ही २८ पुढे नडणार आहे.

४ मे, शनिवार

महाराणी रोड. एवढ्या इलेक्ट्रिकलच्या दुकानांत मला हवी ती वस्तू पहिल्या दुकानात मिळाली असं कधी झालेलं नाही.

चेंजओव्हर घेतला दोन पोलचा, ४० अँपिअरचा, डीबीच्या पट्टीवर बसणारा, मध्ये शून्याची जागा असलेला. एक, शून्य, दोन. मधलं शून्य असलेलाच घ्या. दुकानदार म्हणाला, "एमसीबी चेंजओवर है, लोड बढ़ा तो ट्रिप भी करेगा." नाही करत. दिसतो एमसीबीसारखा, पण आत नुसता स्विच आहे, ओव्हरलोडचं काही नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना आपले एमसीबी वेगळे लावावे लागतात. मी खोक्यावरचं बारीक वाचलं म्हणून कळलं. मिस्त्रींना माहीत होतं, पण ते माझ्याबरोबर नव्हते.

त्याच फेरीत बाहेरच्या भिंतीसाठी निळं इंडस्ट्रियल सॉकेट आणि दोन प्लग घेतले. ६२० रुपये.

५ मे, रविवार

सकाळी पोहे खाताना लक्षात आलं की मी पुन्हा मांडूळ विकत आणलं आहे.

भिंतीवर सॉकेट, जनरेटरवरही सॉकेट. मधल्या केबलला मग दोन्हीकडे प्लग, म्हणजे दोन्हीकडे उघड्या पिना. एक टोक निसटलं की हातात जिवंत पिना. भिंतीवर सॉकेट नको, उलटं हवं : पिना भिंतीवर, झाकणाच्या आत. तेव्हा केबलचं जनरेटरकडचं टोक प्लग आणि भिंतीकडचं टोक भोकांचं. चेंजओव्हर जनरेटरवर नसेल तर भिंतीवरच्या पिनांत वीज नसते, कारण मध्ये स्विच आहे. याला दुकानात इनलेट म्हणतात. चार दुकानांत "वो क्या होता है" ऐकलं, पाचव्यात धूळ पुसून काढून दिला. कपलरसकट (केबलचं ते भोकांचं टोक) १,४८० रुपये. जुनं सॉकेट परत घेतलं नाही, पाकीट फोडलं होतं.

हा सगळा खटाटोप मी कशासाठी करतोय, आणि महाराणी रोडवर उभा राहून तीच चूक तीनशे मीटर मिरवत आणली. सवय कुठे लपून बसते सांगता येत नाही.

८ मे, बुधवार

जागा. मनात होती मागची अरुंद गल्ली : सावली आहे, आवाज कमी, डीबी भिंतीपलीकडेच. मिस्त्रींनी मशीन तिथे दहा मिनिटं चालवून दाखवलं. धूर सरळ स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. वास येतो म्हणून कळलं. कार्बन मोनॉक्साइडला वासच नाही, वास बाकीच्या धुराचा असतो. आईची खोली त्याला लागून. गल्ली रद्द.

आता मशीन पुढच्या अंगणात, फाटकाजवळ, तोंड रस्त्याकडे. किंमत : १८ मीटर जास्तीची केबल. तीन कोअर, ४ एमएम तांब्याची, लवचीक. अडीचची चालली असती, पूर्ण लोडला व्होल्ट-दीड व्होल्टचा फरक. पण मोटरच्या त्या २८ अँपिअरसाठी चारची घेतली. ३,४२० रुपये.

१० ते १३ मे

काहीच नाही. दहाला अक्षय्य तृतीया, मिस्त्री लग्नाच्या लायटिंगवर. नंतरचे दोन दिवस झोपले असावेत. तेराला मतदान. चार दिवस पोर्चमध्ये भिंतीला भोक आणि त्यातून लोंबणारी केबल. येणारा-जाणारा विचारत होता.

१५ मे, बुधवार

सकाळी साडेआठला मेन बंद, संध्याकाळी साडेपाचला चालू. नऊ तास, ४१ अंशांत. मी दिवा धरायचं काम केलं आणि वायरींना नाव लिहिलेल्या पट्ट्या चिकटवल्या. हे काम आधीच्या आठवड्यात करून ठेवायला हवं होतं. कुठला एमसीबी कशाचा हे शोधण्यातच पहिले दोन तास गेले. १९९१ चं घर, मधे दोनदा वायरिंग वाढवलेलं. देवघराचा दिवा बाथरूमच्या एमसीबीवर निघाला.

क्रम असा बसवला : मीटर, जुनी डीबी, तिच्यातून एका फेजचा ३२ अँपिअरचा एमसीबी, मग चेंजओव्हरची एक नंबरची बाजू. इनलेटच्या पेटीत १६ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी, मग दोन नंबरची बाजू. चेंजओव्हरच्या पुढे ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की वीज तोडणारा स्विच), मग नवी डीबी. घरात आरसीसीबी पहिल्यांदाच आला. तो मी हट्टाने घेतला, मिस्त्री म्हणाले होते, "पुराने घर में ट्रिप मारेगा."

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी ट्रिप मारला.

१६-१७ मे

दोन संध्याकाळी गेल्या. दिवसभर सगळं शांत, संध्याकाळ झाली की आरसीसीबी पडतो. वर केला की कधी राहतो, कधी लगेच पडतो. आधी फ्रिजवर संशय, तो काढून ठेवला (भावाकडची कुल्फी वितळली, तो हिशेब वेगळा). मग मोटर. मग इन्व्हर्टर, कारण इन्व्हर्टरवर सगळेच संशय घेतात. भिंतीत पाणी मुरलंय का तेही पाहिलं, मे महिन्यात.

सापडवलं पुतण्याने. तो म्हणाला, काका, मी क्लासहून येतो तेव्हाच पडतो. तो येतो, जिन्याचा दिवा लावतो, वर जातो.

जिन्याच्या दिव्याला फेज खालच्या बोर्डातून आणि न्यूट्रल वरच्या मजल्याच्या टीव्हीच्या पॉइंटमधून घेतलेला. कोणीतरी तीस वर्षांपूर्वी वायर वाचवली होती. तो टीव्हीचा पॉइंट जुन्या डीबीवरच राहिलेला. म्हणजे करंट आरसीसीबीमधून जात होता आणि परत दुसऱ्याच वाटेने येत होता. दिवा नऊ वॅटचा एलईडी, निदान ४० मिलीअँपिअर. आरसीसीबी तिसाच्या आत पडणारच. त्याचं काही चुकत नव्हतं.

वायर नवीन टाकली, वीस मिनिटांचं काम. दोन डीबी करणाऱ्यांनी हे आधी करावं : नवीन डीबीवर न्यायच्या प्रत्येक फेजबरोबर त्याचाच न्यूट्रल येतो ना हे एकेक सर्किट बंद करून मीटरने तपासा. जिना, पोर्च, दोन मजल्यांमध्ये सामायिक असलेलं काहीही, तिथे आधी बघा.

१९ मे, रविवार

जनरेटरवर पहिली चाचणी. लोड नसताना २३४ व्होल्ट, ५२ हर्ट्झ. लिव्हर शून्यावर, दहा आकडे, मग दोनवर. दिवे-पंखे आले. टाळ्या.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडला. मी खूश. मिस्त्री खूश नव्हते. त्यांनी १०० वॅटचा बल्ब काढला आणि सॉकेटच्या फेज आणि अर्थिंगमध्ये धरला. (हे घरी करून बघू नका, मी मुद्दाम लिहितोय.) मेनवर असताना बल्ब लुकलुकायच्या आत आरसीसीबी पडला होता. जनरेटरवर बल्ब पेटलाच नाही आणि आरसीसीबी जागचा हलला नाही.

कारण टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतल्या आतच फेज-न्यूट्रलचा फरक घडवतं, अर्थिंगशी त्याचा संबंध नाही. आमच्या मशीनचा न्यूट्रल अर्थला कुठेच जोडलेला नव्हता, तरंगत होता. फ्रिजच्या पत्र्यात फेज उतरला तरी करंटला परत मशीनपर्यंत यायला वाट नाही, म्हणून आरसीसीबीला कळत नाही. पहिल्या बिघाडाला काहीच होत नाही, आणि तीच भानगड आहे. तो तसाच दबून राहतो, दुसरा कुठे झाला की दोन्ही मिळून कोणाला तरी गाठतात.

सोपा उपाय पुढे आला : न्यूट्रल चेंजओव्हरमधून काढून टाका, जनरेटरचा आणि मेनचा न्यूट्रल कायमचा जोडा. मेनचा न्यूट्रल अर्थ झालेलाच असतो, आरसीसीबी पडेल. पण मग आपला न्यूट्रल खांबापर्यंत जाऊन बसला. खांबावरूनच तर हे सगळं सुरू झालं. नाही म्हटलं. जनरेटरचा न्यूट्रल आपल्या बाजूलाच अर्थ करायचा, इनलेटच्या पेटीत, एकाच जागी. त्यासाठी चांगली अर्थिंग हवी. अर्थिंगच्या जुन्या खड्ड्याचं माप काढलं : १९ ओहम. हा आकडा जितका कमी तितकं बरं.

तुमच्या मशीनमध्ये हा जोड कंपनीनेच दिलेला असू शकतो. मशीन बंद ठेवून, सगळं काढून, न्यूट्रल आणि बॉडी यांच्यात मीटर लावून पाहा. असेल तर दुसरा करू नका.

दुपारी दुसरा धडा. फ्रिज चालू असताना मोटर लावली. मशीन खोकलं, दिवे पिवळे, बंद. पाच मिनिटांनी फ्रिज काढून मोटर लावली, घेतली. आता मोटर आधी, ती स्थिरावली की फ्रिज. डीबीच्या दारावर आईच्या अक्षरात लिहून लावलं आहे, कारण माझं अक्षर कोणी वाचत नाही.

२३ मे, गुरुवार

अर्थिंगचा खड्डा. माळव्याची काळी माती मे महिन्यात दगड होते. भेगा एवढ्या की त्यात पेन पडलं ते गेलंच. चार फुटांवर मुरूम लागला, पुढे सब्बल. तीन मीटरचा तांब्याचा मुलामा असलेला रॉड, भोवती केमिकल, वर झाकण. जुन्या खड्ड्याला जीआय पट्टीने जोडला. लगेच मोजलं तर ११. निराशा. दोन दिवस रोज दोन बादल्या पाणी घातल्यावर साडेचार. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणं हे आजोबांच्या काळचं काम मी जुनाट समजत होतो.

न्यूट्रलचा जोड दिल्यावर पुन्हा बल्ब. जनरेटरवरही पडला. मिस्त्री तेव्हा हसले, दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

२५ मे, शनिवार

इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नाही. घर जनरेटरवर, आणि इन्व्हर्टर आपला बॅटरीवर पडून, दिवे त्याचेच. मागे छोटा स्विच असतो : यूपीएस आणि नॉर्मल. यूपीएसवर तो व्होल्टेजच्या बाबतीत फार सोवळा असतो. नॉर्मलवर टाकला, घेतली. राउटर आणि पुतण्याचा कॉम्प्युटर दोन्ही त्यावर अजून धड चालले आहेत.

२९ मे, बुधवार

काल लाइट दीड तासाने आली आणि पुढची ५० मिनिटं आम्ही पेट्रोल जाळत बसलो. लिव्हर दोनवर, जुन्या डीबीवर एसी-गीझर बंद, मग मेन आली हे कळणार कसं? शेजारच्यांकडे टीव्हीचा आवाज आला तेव्हा कळलं. चेंजओव्हरच्या आधी, मेनच्या बाजूला लाल इंडिकेटर लावला. १२० रुपये. हा पहिल्याच दिवशी लावायचा होता.

२ जून, रविवार

हिशेब. चेंजओव्हर १,१५०. आरसीसीबी २,१००. डीबी आणि एमसीबी २,३५०. इनलेट-कपलर १,४८०. चुकीचं सॉकेट ६२०. केबल ३,४२०. अर्थिंग खोदाईसकट ५,२००. मजुरी ६,०००. वायर, लग, पट्ट्या १,७००. इंडिकेटर १२०. एकूण २४,१४०. मी घरात सांगितला होता दहा हजारांचा आकडा. चेंजओव्हर स्वतः साडेअकराशेचा आहे, हे सौ. दोनदा म्हणाली.

वेळ : धरला होता एक रविवार, लागले पाच आठवडे.

१६ जून, रविवार

काल रात्री वादळ, गुलमोहराची फांदी तारेवर. सकाळी तोच लाइनमन. आमचं मशीन चालू होतं. त्याने शिडी लावायच्या आधी आवाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी त्याला आत नेऊन लिव्हर दाखवला. त्याने तो दोनवरून शून्यावर, शून्यावरून एकवर, परत दोनवर फिरवून पाहिला. घर अंधारलं, पुतण्या वरून ओरडला. एकाच वेळी दोन्हीकडे जातच नाही, हे त्याला हाताने पटवून घ्यायचं होतं. मग चढला. वर जाऊन टेस्ट लॅम्प लावलाच. पेटला नाही. तरी त्याने दुसऱ्या तारेवरही लावून पाहिला, आणि मग कामाला लागला.

राहिलेलं : महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं लिव्हर दोनवर टाकून खऱ्या लोडवर चालवायचं, पहिला रविवार ठरला आहे. इनलेटवर पत्र्याचं छपरू अजून बसलेलं नाही, मिस्त्री पुन्हा गायब. तोवर आईने त्यावर दुधाची पिशवी बांधली आहे.